मेणवलीचे दप्तर

चळवळीत वावरणाऱ्या माणसाला येरवड्यातील एकच इमारत नीट ठाऊक असते, आणि ती म्हणजे तुरुंग. केंदुराहून शिक्रापूर-वाघोलीच्या वाटेने पुण्यास जाताना कोर्टाची तारीख, ससूनमधला रोगी, कलेक्टर कचेरीतला अर्ज, अशी काही ना काही निकड डोक्यावर असते. त्यामुळे त्या तुरुंगापासून थोड्याच अंतरावर जुन्या झाडांच्या आड उंच कमानींची एक दगडी इमारत आहे, आणि तिच्यात आपल्या पूर्वजांचे लिहिलेले-लिहवलेले हजारो कागद आहेत, हे मलाही पंचेचाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. ती इमारत म्हणजे डेक्कन कॉलेज, आणि ते कागद म्हणजे तिथले मराठा इतिहासाचे संग्रहालय. आज त्याविषयी मला समजले तेवढे सांगणार आहे. मी पंडित नव्हे. दहावीनंतर माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. पण कागद ह्या वस्तूशी माझा जन्मभर संबंध आला आहे, आणि त्या नात्याने चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

आधी कॉलेजाविषयी. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ साली, पुण्यात एक पाठशाळा निघाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि ते १८६८ साली येरवड्याच्या इमारतीत गेले. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी कोर्टात झगडून १९३९ साली ते पुन्हा उघडायला लावले. मात्र या खेपेस संशोधनाची संस्था म्हणून. बंद पडलेले दार न्यायालयातून उघडवणे ही काय चीज असते ते मला कुणी सांगायला नको. तेव्हा या कॉलेजाविषयी माझ्या मनात पहिला आदर उत्पन्न झाला तो त्याच्या विद्येमुळे नव्हे, या लढ्यामुळे.

त्याच १९३९ साली साताऱ्याहून तिथे एक मोठा संग्रह आला. तो जमवला होता रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी. हे गृहस्थ १८७० साली जन्मले आणि १९२६ साली वारले. ‘इतिहाससंग्रह’ नावाचे मासिक त्यांनी चालवले आणि किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला. पण त्यांचे खरे काम गोळा करण्याचे. जुनी पत्रे, चित्रे, नकाशे, नाणी, जे मिळेल ते त्यांनी साताऱ्यास आणले. त्याच काळात राजवाडे गावोगाव पायपीट करीत होते. दोघांचे स्वभाव अगदी उलट. पारसनिसांना सरकारदरबारी मान. राजवाडे फटकळ, कोणाची भीड न धरणारे. माझे मन साहजिकच राजवाड्यांकडे ओढ घेते. पण पारसनीस नसते तर आज मी ज्याविषयी बोलतो आहे ते दप्तर राहिले असते की नाही याची शंका आहे, तेव्हा आवडनिवड बाजूस ठेवतो. त्या काळी कितीतरी वाड्यांतून जुने कागद रद्दीच्या भावाने जात होते. वाण्याच्या पुड्यांना लागत होते, आणि उरलेले वाळवी खात होती.

ते दप्तर म्हणजे नाना फडणिसांचे. वाईजवळ कृष्णेकाठी मेणवली म्हणून गाव आहे, तिथे नानांचा वाडा आहे. म्हणून याला मेणवली दप्तर म्हणतात. पेशव्यांचे सरकारी दप्तर वेगळे. ते इंग्रजांच्या हाती पडले आणि आज पुण्याच्या पुरालेखागारात आहे. नानांचे हे खासगीचे. यात निरनिराळ्या दरबारांतून वकिलांनी पाठवलेली पत्रे आहेत, याद्या आहेत, हिशेब आहेत. नाना पानिपतावरून एकोणीस वर्षांचे असताना जीव वाचवून परत आले, आणि १८०० साली वारले. मधल्या चाळीस वर्षांत या माणसाच्या हाताखालून जे कागद गेले त्यांतला केवढा तरी भाग त्याने राखून ठेवला. लढवय्या म्हणून नानांचे नाव कोणी घेत नाही. त्यांचे हत्यार कागद होते, आणि चांगला कारभारी हत्यार टाकून देत नाही.

हे कागद वाचायचे कसे, हा पहिला प्रश्न. ते मोडीत आहेत. सत्तरी-पंच्याहत्तरीपूर्वी आपल्या शाळांतून मोडी शिकवीत. पुढे ती गेली, आणि तिच्याबरोबर आजोबांचा कागद नातवाला परका झाला. मी सेहेचाळिसाव्या वर्षी रविवारच्या वर्गाला जाऊन मोडी शिकलो. वर्गात माझ्या शेजारी कॉलेजातली मुले बसत आणि माझ्या अक्षराला हसत. मोडीत आधी ओळीची रेघ आडवी ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकावीत जायचे. शब्द तोडीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळीत नाहीत. त्यामुळे अक्षर ओळखले तरी शब्द कुठे संपला ते अर्थावरूनच ठरवावे लागते. ज्याला प्रकरण माहीत नाही त्याला कागद वाचता येत नाही. कामगार कायद्याचीही गत हीच आहे, पण ते असो.

दुसरी अडचण तारखेची. वर्ष अरबी शब्दांत लिहिलेले असते. उदाहरणार्थ ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७१. यात ५९९ मिळवले की १७७० साल निघते. हे वर्ष सुरू कधी होते? मृग लागला की. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. मला याचे फार नवल वाटले. शब्द अरबी, लिपी मोडी, लिहिणारा बहुधा ब्राह्मण कारकून, आणि वर्ष मात्र कुणब्याचे! राज्य कोणाचेही असो, वसूल शेतातून यायचा, तेव्हा दप्तराचे वर्षही पेरणीपासून धरावे लागले.

तिसरी गोष्ट खरे-खोटेपणाची. लांब कागद असेल तर बंदाला बंद चिकटवून तो वाढवीत, आणि जिथे सांधा येई तिथे पाठीमागून शिक्का मारीत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला एखादा बंद कोणी काढून दुसरा घातला तर शिक्का जुळायचा नाही. मजकूर संपला की तिथेच लेखनसीमेचा शिक्का, म्हणजे पुढे कोणी ओळ वाढवू नये. मी कितीतरी करारनामे पाहिले आहेत ज्यांचे मधले पान मागाहून बदलले होते. आमच्या माणसांनी शेवटच्या पानावर सह्या केलेल्या असत आणि मधल्या पानावर काय होते ते कोणालाच सिद्ध करता येत नसे. तेव्हापासून मी प्रत्येक पानाच्या कडेला सही घेतो. ही अक्कल मला फार उशिरा आली. आपल्याकडच्या कारकुनांना ती अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच होती.

आता कागदांच्या जातींविषयी थोडे. सनदा, ताकीदपत्रे, रोजकीर्दी, ताळेबंद, असे नाना प्रकार असतात आणि त्या सर्वांचे वर्णन करीत बसलो तर रात्र पुरणार नाही. मला दोन प्रकार महत्त्वाचे वाटतात.

एक महजर. गावात वतनाचा, हद्दीचा, मानपानाचा तंटा पडला की गोतसभा बसे. तिच्यात पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन यांच्याबरोबर बारा बलुतेही असत. साक्षी होत, निवाडा होई, आणि तो ज्या कागदावर उतरे तो महजर. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यायचे आणि वर गुन्हेगारीही भरायची. म्हणजे न्याय फुकट नव्हता. तो केव्हाच नसतो. या महजरांचा आणि निवाडपत्रांचा अभ्यास करून वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो डेक्कन कॉलेजानेच १९५३ साली प्रसिद्ध केला.

महजराच्या शेवटी सह्या असतात, आणि त्या पाहण्यासारख्या असतात. ज्याला लिहिता येत नाही त्याने अंगठा उठवायचा, ही रीत आपल्या ओळखीची. तिथे अंगठा नाही. तिथे ज्याने त्याने आपले हत्यार काढलेले असते. पाटलाच्या नावापुढे नांगर. सुताराच्या नावापुढे वाकस. न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, महाराचा विळा. बाई असली तर बांगडी. पहिल्यांदा अशी निशाणी पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही. अंगठा सांगतो की या माणसाला लिहिता येत नाही. नांगर सांगतो की या माणसाला काय येते.

पण यावर भुलूनही जाऊ नये. विळ्याची निशाणी करणाऱ्या महाराची साक्ष हद्दीच्या तंट्यात मोलाची मानीत, कारण शिवेची खूण त्याला ठाऊक; तरी तो बसायचा सभेच्या बाहेर, लांब. कागदावर जागा मिळाली म्हणून ओट्यावर मिळाली असे नव्हे. जुन्या काळी सारे गोडीगुलाबीने चालले होते असे सांगणारे लोक महजराची शेवटची चार बोटे दाखवतात आणि बाकीचा हातभर कागद गुंडाळून ठेवतात.

दुसरा प्रकार कौल. दुष्काळ पडला, फौज मुलखातून गेली, वसुलाचा जाच अनावर झाला, की रयत काय करी? उठून जाई. रात्रीतून गाव ओस पडे. दप्तरात त्याला परागंदा होणे म्हणतात. जमीन पुष्कळ आणि कसणारे हात थोडे, अशा काळात ओस गाव म्हणजे सरकारचे दिवाळे. मग सरकारातून कौल निघे: परत या, जमीन लावा, पहिल्या सालास वसूल अगदी हलका घेऊ, मग सालोसाल थोडा थोडा चढवीत नेऊ. या चढत्या धाऱ्याला इस्तावा म्हणत. इतिहासकार याला महसुलाची पद्धत म्हणतात. मी याला संप आणि तडजोड म्हणतो. काम थांबले, धन्याला झळ लागली, बोलणी झाली, तीन-चार सालांचा लेखी करार झाला. फरक एवढाच की त्या संपात माणसे बायकामुले, गुरे-ढोरे घेऊन परमुलखात जात आणि सगळीच परत येत नसत.

या दोन कागदांशेजारी सनद ठेवून पाहावी. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला पाबळ, लोणी आणि केंदूर ही गावे दिली. पाबळला तिची कबर आहे, आपण सर्वांनी ती पाहिली आहे. १७४० साली बाजीराव रावेरखेडीस वारले आणि त्याच साली तीही गेली. तिच्यावर जे गुदरले त्याविषयी मला कळवळाच वाटतो. ते प्रकरण मी इथे काढत नाही. मला म्हणायचे ते निराळे आहे. आपल्या गावाचे नाव बाहेरच्या जगाला माहीत आहे ते दान दिलेले गाव म्हणून. दिले कोणी, घेतले कोणी, हे सर्वांना ठाऊक. त्या साली केंदुरात नांगर कोण धरीत होता हे कोणाला ठाऊक नाही. सनदेत गाव दिले जाते. महजरात आणि कौलात गाव बोलते. जुन्या कागदांचा धांडोळा घ्यायचा तर कोणत्या कागदात आपण बोललो आहोत तो आधी शोधावा.

हे काम कोणी केले पाहिजे? डेक्कन कॉलेजात त्र्यंबक शंकर शेजवलकर या मनुष्याने मेणवली दप्तराशी वर्षानुवर्षे झुंज घेतली. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारासंबंधीची पत्रे त्यांनी त्यातून निवडून दोन खंडांत छापली. पहिला १९५४ साली निघाला, दुसरा १९५९ साली. एका दरबारच्या पत्रांना दोन जाड खंड लागले, यावरून सगळ्या दप्तराचा अंदाज करावा. पानिपतावरचा त्यांचा ग्रंथही सर्वश्रुत आहे.

परदेशात अशा कागदांची मातब्बरी कशी ठेवतात ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. त्याच रात्री फिलाडेल्फियात डनलॅप नावाच्या छापखानेवाल्याने तो छापायला घेतला. सुमारे २०० प्रती निघाल्या असाव्यात असे मानतात. आज त्यांतल्या २६ माहीत आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजाने त्यांतली एक १९८३ साली लिलावात चार लाख डॉलरांवर किंमत मोजून विकत घेतली, अशासाठी की आपल्या मुलांनी ती डोळ्यांनी पाहावी. त्याच १७७६ साली, १ मार्चला, पुरंदरावर नाना आणि सखारामबापू इंग्रजांच्या कर्नल अप्टनशी तह करीत होते. तिकडचा कागद छापून चौकाचौकांत वाचला गेला. आपल्याकडे मराठीला छापखाना मिळायला आणखी जवळजवळ तीस वर्षे होती. जे होते ते हाताने लिहिलेले. बहुधा एक अस्सल, फार तर एखादी नक्कल. तिकडे प्रत जळाली तर दुसरी सापडते. इकडे वाळवीने एक रुमाल खाल्ला की ती माणसे दुसऱ्यांदा मेली. आणि हेही सांगायला हवे की सर्व माणसे समान आहेत असे त्या जाहीरनाम्यात लिहिले तेव्हा तिथले गुलाम माणसांत धरले नव्हते. महजरातला विळा आणि तिकडचे ते वाक्य, दोन्हींच्या बाहेर कोणीतरी उभेच होते.

आता मी या कागदांच्या मागे का लागलो ते सांगतो. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आपल्या भागात पाऊस हा असा, तेव्हा घरटी एक माणूस मुंबईस असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसे बाहेर आली. वडील वर्षभराने गावी परतले ते कायमचे. गिरणीचे नाव मी घेत नाही. ती आता नाही. एके दिवशी त्यांनी तिकिटाचा बिल्ला विहिरीत टाकला आणि पगाराच्या चिठ्ठ्या, रजेचे पुस्तक, फंडाचे कागद, सगळे चुलीत घातले. आई पाहत होती, मीही पाहत होतो. त्यांना कोणी अडवले नाही. त्या चुलीवर त्या दिवशी भाकरी झाली.

पुढे तीस वर्षांनी सरकारने गिरणी कामगारांना घरे द्यायला काढली. अट साधी होती: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता याचा कागद दाखवा. वडील तोपर्यंत गेले होते. आई म्हणाली, “अरे, त्यांनी एवीस वर्षं काढली तिथं, सगळ्या चाळीला ठाऊक आहे.” चाळीला ठाऊक होते. चाळच राहिली नव्हती. मी स्वतः तोवर रांजणगाव-सणसवाडीच्या कामगारांना कागद जपा म्हणून सांगत हिंडत होतो, शेकडो जणांचे २४० दिवस हजेरीच्या चिठ्ठ्यांवरून सिद्ध केले होते, आणि आईपुढे मला एक चिठ्ठी ठेवता येईना. त्यानंतर कधीतरी मी डेक्कन कॉलेजात गेलो. नानांच्या घरचा किरकोळ खर्चाचा हिशेबसुद्धा राहतो आणि माझ्या बापाची एकवीस वर्षे राहत नाहीत, हे मला तिथे उभ्याउभ्या फार लागले. नानांचा त्यात दोष नाही. त्यांनी कागद राखला. आम्ही जाळला.

म्हणून शेवटी थोडे कामाचे सांगतो. आपल्या गावात अजून काही घरांत माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले कागद आहेत. इनाम कमिशनच्या वेळी, १८५२ नंतर, ज्याला कागद दाखवता आला नाही त्याचे इनाम गेले. त्या धास्तीने लोकांनी कागद लपवले ते लपलेलेच राहिले. आज त्यांवर कोणी जप्ती आणणार नाही. ते खाली काढावेत. उन्हात वाळत घालू नयेत, सावलीत वारा द्यावा. घडी मोडत नसेल तर ओढू नये. चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नये; त्याने कागद गुदमरतो आणि पुढे दुरुस्तही करता येत नाही. वर पेनाने काही लिहू नये. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात बांधावेत. मुलांना सांगून दिवसाच्या उजेडात मोबाइलवर दोन्ही बाजूंची चित्रे घ्यावीत, पाठीमागचीही, कारण सांध्यांचे शिक्के तिथेच असतात. वाचायला कोणी नसेल तर मला बोलवावे; मी अडखळत का होईना वाचीन, आणि जिथे माझी गाडी अडेल तिथे पुण्याला नेऊन दाखवीन. त्याच रुमालात घरातल्या माणसांच्या नेमणुकीची पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचे कागद एका वेगळ्या बासनात ठेवावेत, मग ती नोकरी चार महिन्यांची का असेना. आणि पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये.